खाज सुटली की आधी तपासणी, मग गोळी

जून उजाडला की पुण्यातल्या माझ्या धनकवडीच्या क्लिनिकमध्ये एक तक्रार रोज येते. खाली खाज, आग, अंगावरून पांढरं जातंय. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आधी मेडिकलमध्ये जाऊन आलेल्या असतात. काउंटरवर चार माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर सगळं सांगायची सोय नसते, म्हणून बाई खालच्या आवाजात एवढंच म्हणते, "इन्फेक्शनची गोळी द्या." आणि तिच्या हातात तीन औषधांचं किट पडतं: फ्लुकोनॅझोल, अॅझिथ्रोमायसिन, सेक्निडॅझोल. यातलं पहिलं तेवढं बुरशीवर चालतं. उरलेली दोन वेगळ्या जंतूंसाठी आहेत. त्रास बुरशीचाच असेल तर ती दोन्ही फुकट पोटात जातात, शिवाय अँटिबायोटिकने योनीतले चांगले जंतू कमी झाले तर बुरशीला मोकळं रान मिळतं. आणि बुरशी नसेलच, तर दुसरा आजार अर्धवट दबतो आणि माझ्याकडे येईपर्यंत त्याच्या खुणा पुसट झालेल्या असतात.

म्हणून मला जे सांगायचंय ते आधीच सांगते. योनीतली बुरशी, म्हणजे ज्याला सगळे यीस्ट इन्फेक्शन म्हणतात, ती बहुतेकींची सहज बरी होते. चुकतं ते ओळखण्यात. ओळखायला पाच-दहा मिनिटं आणि स्रावाचा एक थेंब लागतो. तेवढं करून घ्या.

मुळात होतं काय

कॅन्डिडा ही बुरशी बाहेरून येऊन हल्ला करते असं नाही. साधारण १० ते २० टक्के निरोगी बायकांच्या योनीत ती काहीही त्रास न देता राहत असते. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतूही असतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सगळ्यांना आपापल्या जागी ठेवतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, साखर वाढली, दिवस गेले, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, की हे गणित बिघडतं आणि कॅन्डिडा वाढते. चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीची असते. क्वचित ग्लॅब्राटा निघते, आणि ती नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. तिच्याबद्दल पुढे सांगते.

हा लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत धरला जात नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण कॉलेजच्या मुलीला घेऊन आलेली आई कधीकधी तिच्याकडे बघतही नसते. आईच्या मनात काय चाललंय ते मुलीला कळत असतं आणि ती खाली मान घालून बसलेली असते. बाईंनो, कधीच संबंध न आलेल्या मुलीलाही बुरशी होते. ती घाणेरडी राहते म्हणून होते असंही नाही. उलट दिवसातून तीनदा साबणाने आतून धुणाऱ्या बायकांना जास्त त्रास होताना मी बघते.

आणखी दोन समजुती मला रोज भेटतात. एक, "मॅडम, हिला उष्णता झालीय." सब्जा, गुलकंद, धन्याचं पाणी सगळं देऊन झालेलं असतं. सब्जा प्यायला काही हरकत नाही, पण बुरशी त्याने जात नाही. दुसरी समजूत, पांढरं गेलं की हाडं झिजतात, कंबर त्यानेच दुखते. हाडांचा आणि या स्रावाचा काही संबंध नाही. वयात आलेल्या प्रत्येक बाईला थोडं पांढरं जातंच. दोन पाळ्यांच्या मधोमध ते पातळ, पारदर्शक, ताणलं तर तार येईल असं असतं. पाळीच्या आधी दाट होतं. खाज नाही, आग नाही, वास नाही, तर त्याला औषध नको.

घरी काय बघायचं

बुरशीचं पहिलं लक्षण खाज. रात्री झोप मोडेल इतकी. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, खाजवून बारीक चिरा पडतात. स्राव दाटसर, पांढरा, दह्याच्या कवड्यांसारखा असतो, पण प्रत्येकीचा तसा असतो असं नाही. काहींना स्राव जवळजवळ नसतोच, नुसती आग असते. संबंधांच्या वेळी दुखतं. आणि वास फारसा नसतो. वास ही मोठी खूण आहे. मासळीसारखा वास, त्यात पातळ राखाडी पाणी, विशेषतः संबंधांनंतर किंवा पाळीनंतर, असं असेल तर तो बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडून होणारा आजार असतो, त्याचं औषध वेगळं. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव आणि सोबत खाज असेल तर ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीची शंका घ्यायची. तो मात्र संबंधांतून पसरतो आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावंच लागतं.

एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, तो तुम्ही स्वतःलाही विचारा. लघवीला आग होते म्हणता, ती नक्की कुठे होते? लघवी होताना आत, मूत्रमार्गात, आणि सारखं सारखं जावंसं वाटतं? की लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागते तेव्हा झोंबतं? पहिलं असेल तर लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. दुसरं असेल तर बघायची ती बाहेरची जागा. हा फरक न विचारता "लघवीला आग" एवढ्यावर अँटिबायोटिक दिलं जातं, आग थांबत नाही, मग दुसरं अँटिबायोटिक. हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी अशीच तीन कोर्स करून आली होती. खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं तिला. लघवीची तपासणी स्वच्छ होती. बुरशीचे धागे मात्र स्लाइडभर होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी लक्षणं सांगितली तर घरीच ओळखता येईल की. येत नाही, आणि हे मी डॉक्टरकीचा हट्ट म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुकानातून बुरशीचं औषध स्वतःच विकत घेतलेल्या बायकांना तपासलं. त्यांच्यापैकी जेमतेम एक तृतीयांश बायकांना नुसती बुरशी होती. बाकीच्यांना दुसरं काहीतरी, किंवा दोन गोष्टी एकत्र, आणि काहींना काहीच नाही.

तपासणीत काय होतं

भीती इथेच असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. टेबलावर झोपायचं, गुडघे दुमडायचे, अंगावर चादर असते. आधी बाहेरून बघतात. संबंध आलेले असतील तर स्पेक्युलम नावाचं साधन घालून आतली भिंत आणि गर्भाशयाचं तोंड बघतात. दोन-तीन मिनिटं लागतात, ताण जाणवतो. संबंध आलेले नसतील तर स्पेक्युलमची गरज नसते. कापसाच्या बारीक स्वॅबने अलगद नमुना घेता येतो, आणि कित्येक मुली तो स्वतःच घेतात, मी फक्त कसा घ्यायचा ते सांगते. "मला हे नको" असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत सिस्टर हवीच, मागून घ्या.

मग तो थेंब. आधी पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी लावायची. निरोगी योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि बुरशीत तो तसाच राहतो. पट्टीचा रंग ४.५ च्या वर गेला की माझं लक्ष इतर दोन आजारांकडे वळतं. मग दोन स्लाइड करते. एकीवर सलाइन, दुसरीवर दहा टक्के केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. सलाइनच्या स्लाइडवर ट्रायकोमोनास असेल तर वळवळताना दिसतो. केओएच टाकलं की बाकीच्या पेशी विरघळून जातात आणि बुरशी तेवढी उरते: लांबट, फांद्या फुटलेले धागे आणि त्यांना लगटून बसलेले अंडाकृती कण. उत्सुक मुलगी असेल तर मी तिला बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की "मी काय पाप केलं" हा विचार बराच हलका होतो.

स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाहीच असंही नसतं. लक्षणं तशीच असतील, किंवा त्रास परतून परतून येत असेल, तर नमुना कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, पाठवायचा. त्यातून बुरशीची जात कळते. प्रत्येक क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोप नसतो, तेव्हा "स्वॅब लॅबला पाठवता का?" असं सरळ विचारा. आणि तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस आत कुठलीही क्रीम किंवा गोळी ठेवू नका, धुवायलाही पाणी आत सोडू नका, नाहीतर थेंबात औषधच सापडतं.

खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनचा स्त्रीरोग विभाग आहे, महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतात, त्यांमध्येही अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तिथे हिरव्या रंगाचं किट देतात, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं. मायक्रोस्कोपची सोय सगळीकडे नसते, हे धरून केलेली ती योजना आहे. तिथे निदान कुणीतरी तुमची तक्रार ऐकून, तपासून ते देतं. मेडिकलच्या काउंटरवरचं किट आणि हे, यात मला एवढा मोठा फरक दिसतो.

औषध

साध्या बुरशीला दोन सारखेच चांगले मार्ग आहेत. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने. किंवा क्लोट्रिमॅझोलची खालून ठेवायची गोळी, १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री, ५०० ची असेल तर एकदाच. फ्लुकोनॅझोलची एक गोळी पुढचे तीनेक दिवस काम करत राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी खाज आहे म्हणून दुसरी गिळू नका. दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा, आठवड्यात पूर्ण.

तोंडाने गोळी घेण्याआधी तीन गोष्टी सांगा. दिवस गेलेत का, किंवा पाळी चुकलीय का. यकृताचा काही त्रास आहे का. आणि बाकी काय औषधं चालू आहेत. रक्त पातळ करणारं वॉरफरीन, मधुमेहाची ग्लिमेपिराइड, फिटची फेनिटोइन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांच्याशी फ्लुकोनॅझोलचं जमत नाही. अॅसिडिटीच्या ज्या गोळीत डॉमपेरिडोन असतं ती तर घराघरांत असते. फ्लुकोनॅझोलसोबत ती घेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

खालून ठेवायची गोळी कशी ठेवायची हे कुणी नीट सांगत नाही, बायका बाहेरच ठेवतात आणि मग गुण येत नाही. रात्री झोपण्याआधी, लघवी करून, हात स्वच्छ धुऊन घ्या. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पाय थोडे फाकवा. गोळी पाण्यात किंचित ओली करा, म्हणजे सहज सरकते. सोबत प्लास्टिकची नळी असेल तर तिच्या टोकाला गोळी बसवा, नसेल तर बोटाने चालतं. सरळ वर ढकलू नका, कंबरेच्या मणक्याच्या दिशेने, मागे ढकला, जितकी सहज जाईल तितकी. दुखलं तर थांबा, दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा. नंतर उठून कामाला लागायचं नाही. सकाळी पांढरं, भुकटीसारखं बाहेर येतं, तो गोळीचा राहिलेला भाग असतो, घाबरू नका. सुती पॅड ठेवा. पाळी अगदी तोंडावर असेल तर संपल्यावर सुरू करा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि या दिवसांत संबंध टाळा, कारण दुखतं, शिवाय या औषधांतल्या तेलकट घटकांनी कंडोम कमकुवत होतो.

नवऱ्याला औषध लागत नाही, त्याला खाज किंवा पुरळ असेल तरच दाखवायला सांगा.

पहिल्या वेळी आग फार असेल तर गार पाण्याच्या घडीने आराम पडतो. बाहेरून थोडं खोबरेल लावलं तर चालतं. दही, लसूण, लिंबू, टी ट्री ऑइल यांतलं काहीही आत घालू नका. दही पोटात जाऊ द्या. लसणाने भाजलेली कातडी मी पाहिली आहे आणि ते दुखणं बुरशीपेक्षा जास्त असतं.

क्रीमबद्दल मला पोटतिडकीने बोलायचंय. खाजेवर झटपट उतार पडावा म्हणून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र केलेल्या ट्यूब मिळतात. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून घरातले सगळे तीच ट्यूब वापरतात. त्यातलं क्लोबेटासोलसारखं कडक स्टिरॉइड त्या नाजूक जागेची कातडी पातळ करतं आणि बुरशीला आतून पसरू देतं. जांघेत गोल कडा असलेला नायटा असेल तर तो या ट्यूबने चिवट होतो, मग महिनोन्महिने औषध लागतं. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांनी स्वतः बघून दिलेली नसेल तर लावू नका.

परत परत होत असेल तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर तो वारंवार होणारा आजार धरायचा आणि दर वेळी एक गोळी घेऊन गप्प बसायचं नाही. आधी कल्चर. मग साखर, उपाशीपोटीची आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. माझ्याकडे आलेल्या कितीतरी काकूंना मधुमेह आहे हे या खाजेवरून कळलं. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला ती चांगली आहेत, आणि डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली संपून ते स्वस्त झाल्यापासून पुष्कळांना दिलं जातं. पण साखरेची लघवी त्या जागेला लागत राहिली की बुरशीचं फावतं. स्वतःहून गोळी बंद करू नका. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, आणि तरी होत राहिलं तर मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगा. या भागाबद्दल त्यांच्यापुढे बोलायला जड जातं म्हणून बायका वर्ष वर्ष सोसतात. चिठ्ठीवर लिहून द्या, मी तशीच चिठ्ठी लिहून देते.

अल्बिकन्सच असेल तर फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिने. लांबलचक वाटतं, पण नेटाने घेतलं तर मधल्या काळात बहुतेकींना पूर्ण आराम असतो. ग्लॅब्राटा निघाली तर बोरिक अॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल तीन आठवडे रोज रात्री खालून ठेवतात. ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विष आहे, गरोदरपणात चालत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात ठेवायची. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

पावसाळा, पथक आणि कॉट बेसिस

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या एमपीएससीच्या मुलींची अडचण मला ठाऊक आहे. एका खोलीत चारजणी, दोरी एक, आणि आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून टॉवेलखाली वाळत घातलेले. जुलैत ते वाळतच नाहीत आणि सकाळी दमटच चढवले जातात. कपडा दमट म्हणून बुरशी होतेच असं मी म्हणणार नाही, पण ज्या मुलीला त्रास सुरू झालाय तिला तो कपडा बरा होऊ देत नाही. इस्त्री फिरवा. सुती निकर एखादी जास्त ठेवा आणि रात्री झोपताना घालूच नका. ढोल-ताशा पथकांत वाजवणाऱ्या मुली गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी तासन्‌तास सराव करतात, घामाने आणि पावसाने चिंब होऊन टू-व्हीलरवर घरी जातात आणि तशाच जेवायला बसतात. आधी कपडे बदला, मग जेवा. मिरवणुकीच्या दिवशी बॅगेत एक कोरडी निकर असू द्या.

धुणं फक्त बाहेरून, साध्या पाण्याने, पुढून मागे. टॉयलेटमधला जेट आत मारायचा नाही. जंतुनाशक, सुगंधी वॉश, रोजचे पँटी लायनर यांची गरज नाही.

थांबू नये अशा वेळा

गरोदर असाल तर तोंडाची गोळी नको, क्लोट्रिमॅझोल सात रात्री, बोटाने, नळी न वापरता, आणि तुमच्या डॉक्टरांना सांगूनच. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, पाळी नसताना किंवा संबंधांनंतर रक्त, रक्ताळलेला घाण वासाचा स्राव, यांतलं काहीही असलं तर ते बुरशीचं काम नाही, त्याच आठवड्यात तपासून घ्या. पाळी गेलेल्या बाईला बुरशी सहसा होत नाही. साठीच्या आजींना खाज असेल तर बहुधा हॉर्मोन कमी होऊन कातडी कोरडी पडलेली असते, नाहीतर लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असतो, त्यात पांढरे चट्टे पडतात. त्याकडे दुर्लक्ष झालं तर काही जणींत पुढे कर्करोग होऊ शकतो. आजी स्वतःहून सांगणार नाहीत. सुनेने, लेकीने एकदा विचारावं, आणि "या वयात कशाला दाखवायचं" असं त्या म्हणाल्या तरी रिक्षा बोलवावी.